आत्यांचं औषध

"ह्याला चहा म्हणायचं असेल, तर भांडी विसळलेल्या पाण्यानं काय पाप केलंय?"

आत्या पुटपुटल्या. मोठ्यानं नाही, माझ्या कानाला लागून. चहा देणारी मावशी अजून शेजारच्या खाटेपाशी उभी होती, आणि कष्टाच्या माणसाला तोंडावर टाकून बोलायचं नाही हा आत्यांचा नियम होता. कान जवळ माझाच, म्हणून तक्रार माझ्याकडं. मी मानेखाली हात घालून कप त्यांच्या ओठाला लावला.

"साखर तरी घातलीय का?"

"आहे की आत्या, गोड आहे."

"ती चहात नाही, तुझ्या बोलण्यात आहे."

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. माझ्या सासूबाई, गजराबाई जगदाळे, वय अडुसष्ट, सोनवडच्या अंगणवाडीच्या निवृत्त बाई. सोमवारी भर दुपारी, कोरड्या सपाट अंगणात, कशालाही न अडखळता त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. जीपमध्ये गादी टाकून त्यांना मिरजेच्या एका दवाखान्यात आणलं. उजव्या पायाला वजन बांधून तो लटकवून ठेवला होता. हाडाचे डॉक्टर म्हणाले होते, गुरुवारी ऑपरेशन. लांबलं तर आजी पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत, अंथरूण धरतील, आणि ह्या वयात धरलेलं अंथरूण सुटत नाही. समजून घ्या.

ते आम्ही समजून घेतलं. दुसरं एक समजून घ्यायचं होतं, ते मात्र चौघांनाही माहीत असून कुणी घेतलं नाही. चौघं म्हणजे मी, माझे मालक दिनकरराव, आत्या स्वतः, आणि तालुक्याचा औषध दुकानदार.

ह्या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. आमच्या घरातली ही गोष्ट मी सांगत असले, की दिनकरराव अजूनही पाणी प्यायला उठून जातात. मी सांगते. मला त्यात खाली बघण्यासारखं काही वाटत नाही, उलट आहे.

तर सोमवारी संध्याकाळी पाटोळे सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. आजींना साखर आहे का, बीपी आहे का, आधी कधी ऑपरेशन झालंय का. नाही, नाही, नाही.

"काही व्यसन?"

दिनकरराव हसले. आईचा पाय मोडल्यापासून पहिल्यांदाच हसले. "सिस्टर, तुमचं गाव कुठलं?"

"पलूसच्या पलीकडं."

"मग सोनवडच्या आडव्या अक्का ऐकल्या असतील."

सिस्टरांचं पेन थांबलं. "बाटली आडवी करणाऱ्या?"

"त्याच ह्या."

ह्या नावाची हकीकत सांगायला हवी. आमच्या गावात एसटीच्या थांब्याला लागून सरकारमान्य देशी दुकान होतं. गावातल्या बायकांनी मतदान करून बहुमत दिलं, तर असलं दुकान बंद करता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आत्या आठ महिने घरोघर फिरल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना अंगणवाडीच्या पाटीवर बाटली काढून दाखवली, उभी कुठली, आडवी कुठली, शिक्का कुठं मारायचा. दुकानवाल्यानं आदल्या दिवशी घरोघर साड्या वाटल्या. आत्यांनी सगळ्यांना सांगितलं, साड्या घ्या, परत करू नका, नव्या घड्या मोडूनच मतदानाला चला. एकाच रंगाच्या साड्यांची ती रांग मी पाहिलीय. त्यातल्या नव्वद टक्के बायकांनी बाटली आडवी पाडली. तेव्हापासून गावानं गजराबाईंच्या आडव्या अक्का केल्या. स्वभावालाही ते नाव चपखल होतं, म्हणून ते टिकलं.

सिस्टरांनी 'व्यसन' ह्या शब्दापुढं आम्हाला न विचारताच ठसठशीत 'नाही' लिहिलं. खाली सही मी केली. मी नववी नापास, सही करायची वेळ आली की हात चोरते, पण त्या दिवशी अशी लांबरुंद सही ठोकली की खालच्या ओळीवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आणखी दोघींना घेऊन अक्कांना बघायला आल्या. आत्यांनी झोपल्या झोपल्या त्यांना पंधरा मिनिटं भाषण दिलं. लटकवलेल्या पायासकट.

आता आमच्या घरातली एक रीत. सासरे, म्हणजे मामा, बाटलीपायीच गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं. 'ते' म्हणायचं. 'त्यांचं ते वाढलं, मग गेले.' जत्रेत आभाळात उडवतात त्या आतषबाजीलाही गावात तोच शब्द आहे, म्हणून आत्या त्याला 'उजेडाचं काम' म्हणायच्या. गावात नव्यानं आलेल्या एका मास्तरांना बरेच दिवस वाटत होतं, जगदाळ्यांकडं विजेचं कंत्राट आहे.

आणि त्याच घरात आत्यांचं औषध होतं.

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्यांची भूक मेली, झोप उडाली. तालुक्याच्या वैद्यांनी द्राक्षासव दिलं. जेवणानंतर दोन झाकणं, तेवढंच पाणी घालून. महिनाभर घ्या म्हणाले. पुढं ते वैद्य वारले, औषध राहिलं. झाकणाची वाटी झाली, वाटीचा पेला झाला, त्यातलं पाणी कधी सुटलं ते कळलं नाही. मी ब्लाउज शिवते. दर गुरुवारी दोरे, हुक आणि अस्तर आणायला तालुक्याला जायची, येताना आत्यांचं एक खोकं आणायची. खोक्यात बारा बाटल्या. शेवटी शेवटी बारा पुरेनात, मग रविवारी दिनकरराव मोटरसायकलवर दोन-तीन आणायचे, पुढच्या टाकीवर पिशवीत, एखाद्या लेकराला बसवावं तशी जपून.

"वहिनी, सगळ्या गावाला अशक्तपणा आलाय का?" दुकानदारानं एकदा विचारलं.

"पाहुणे फार येतात," मी म्हणाले.

पाहुण्यांना चहाऐवजी आसव देणारं आमचंच घर असणार.

मला हाताला लागेल तो कागद वाचायची खोड आहे. शाळा सुटली, वाचायचं सुटलं नाही. त्या बाटलीवरच्या लेबलाच्या अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, आत आपोआप तयार होणाऱ्या एका वस्तूचा टक्का छापलेला असतो. शब्द इंग्रजी होता. मी तो लावून लावून वाचला, समजला, आणि बाटली कपाटात ठेवून दिली. इंग्रजी शब्दाला आमच्या घरात बंदी नव्हती.

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला आत्यांनी मला जवळ बोलावलं.

"माझं औषध आणलंस का गं?"

"बाहेरचं काही द्यायचं नाही म्हणालेत आत्या."

"ते काय औषध आहे होय? टॉनिक आहे ते."

"मग विचारू का डॉक्टरांना? एवढी एवढी बाटली घेतात म्हणून सांगू?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मग छताच्या पंख्याकडं. "नको," म्हणाल्या.

त्या एका 'नको'नं मला कळलं, की त्यांनाही मुंगीएवढी अक्षरं दिसत होती.

संध्याकाळी त्यांची बोटं थरथरायला लागली. त्यांनी हात चादरीखाली घेतले. मार्चचा महिना, वरती पंखा गरम हवा ढवळतोय, आणि कपाळावर घामाचे थेंब. म्हणतात काय, थंडी वाजतेय. मी घाम पुसत राहिले. दिनकररावांना म्हटलं, "डॉक्टरांना सांगूया का?"

"काय सांगणार?"

"औषधाचं."

"मालन, अख्खा वॉर्ड तिला बघायला येतोय. आणि तू हे सांगणार?" ते बाहेर निघून गेले. मी पण काही मोठी शूर नव्हते. खोकं मीच आणत होते. गप्प बसले.

बुधवारी दुपारी आत्या एकदम म्हणाल्या, "मालन, त्या पोरांना खिडकीतनं खाली उतरव. पडतील."

वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. खिडकीत कुणी नव्हतं.

"कुठली पोरं, आत्या?"

"दिसत नाहीत होय तुला? ओळीनं बसा रे! खिचडी सगळ्यांना मिळणार. सुरेखाची धाकटी कुठाय? कुणी सोडलं तिला बाहेर?" आणि त्या उठायला लागल्या. मोडक्या पायानं, बांधलेल्या वजनासकट. मी धरलं, त्यांनी मला ढकललं. ज्या बाईनं वीस वर्षांत माझ्यावर एकदाही हात उचलला नाही, तिनं. "सोड! पोरं रस्त्यावर गेली!" दोन आया धावत आल्या, पाटोळे सिस्टर आल्या. शेवटी आत्यांचे दोन्ही हात पट्टीनं खाटेच्या दांड्यांना बांधावे लागले. सगळा वॉर्ड उठून बघत होता. पाटोळे सिस्टरांनी पडदा ओढला.

गुरुवारचं ऑपरेशन थांबलं. हाडाचे डॉक्टर म्हणाले, साखर ठीक आहे, ताप नाही, डोक्याचा फोटोही ठीक. ह्या अवस्थेत मी सुरी लावणार नाही. मनाच्या डॉक्टरांना बोलावतो.

"वेड्यांच्या डॉक्टरला?" दिनकरराव म्हणाले. "माझ्या आईसाठी?"

डॉक्टर मुजावर आल्या. पस्तिशीच्या बाई, पायात कापडी बूट, खांद्यावर पिशवी, शाळेत शिकवायला निघाल्यासारख्या. त्यांनी आत्यांची बोटं बघितली, जीभ बघितली, डोळ्यांत बॅटरी टाकली. आत्या त्यांना म्हणत होत्या, "बाई, हजेरी मी घेतलीय, तुम्ही शिरा वाढायला घ्या." डॉक्टरांनी "बरं बाई, घेते" म्हटलं. मला त्या तेवढ्यावरच आवडल्या.

मग आमच्याकडं वळल्या. "घरी रोज काही घेत होत्या? इथं आल्यापासून बंद झालंय असं काही?"

"काही नाही," दिनकरराव म्हणाले. "फॉर्मवर लिहिलंय. आमच्या घरात त्याचं नावसुद्धा काढत नाहीत."

"गोळ्या? झोपेच्या? मिश्री?"

"काही नाही म्हणालो ना."

डॉक्टर माझ्याकडं बघत होत्या. मी आत्यांच्या मनगटाकडं बघत होते. पट्टीखाली कातडी लाल झाली होती. त्या हातांनी आत्यांनी तीस वर्षं गावातल्या पोरांची नाकं पुसली, पाट्यांवर बाटल्या काढल्या, माझ्या दोन्ही बाळंतपणात मला न्हाऊ घातलं. आता ते बांधलेले.

डॉक्टर निघाल्या तशी मी मागं गेले. जिन्यापाशी गाठलं.

"डॉक्टर, मी ब्लाउज शिवते."

"बरं," त्या थांबल्या.

"माप चुकलं तर उसवता येतं. मी फॉर्मवर चुकीचं माप दिलंय."

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि शेजारी हात थापटला. मी बसले आणि सगळं सांगितलं. झाकण, वाटी, पेला, खोकं. चार वर्षं. दिवसाला दीड, अलीकडं दोन बाटल्या. पहिली बाराला. सोमवारी पडल्या तेव्हाही पहिली अर्धी झाली होती. 'ते' नव्हे हो डॉक्टर, औषध, असं मधेमधे म्हणत होते. त्या 'हो' म्हणत होत्या.

"शेवटचं कधी घेतलं?"

"सोमवारी दुपारी."

त्या उठल्या. "हे सांगितलंत म्हणून आता मला काहीतरी करता येईल. हे वेड नाही आणि म्हातारपणही नाही. शरीराला चार वर्षं रोज जे मिळत होतं ते एका दिवसात तुटलं. शरीर घाबरलंय. उतारवयात थोड्यानंही जास्त होतं, आणि सुटताना जास्त त्रास देतं. जिवावरही बेततं."

"मी सोमवारीच बोलले असते तर..."

"तर हात बांधावे लागले नसते कदाचित. पण आज बोललात. काही घरं शेवटपर्यंत बोलत नाहीत."

इंजेक्शनं सुरू झाली, सलाईनमधून जीवनसत्त्वं गेली. पाटोळे सिस्टरांनी फॉर्मवरच्या 'नाही'वर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला काहीतरी लिहिलं. माझ्याकडं बघितलं नाही. ते मला लागलं.

दिनकररावांनी मला खाली, रिक्षा लागतात तिथं गाठलं.

"आईची अब्रू घालवलीस तू."

"आणि तुमचा तो रविवारचा माल?"

"हळू बोल!"

"कुणासाठी हळू? रिक्षावाल्यासाठी? तो मिरजेचा आहे, त्याला आडव्या अक्का माहीत नाहीत."

"आयुष्यभर त्या बाईनं एकच गोष्ट केली, मालन. एकच. ती पण तू..." त्यांचा आवाज फुटला. मोठा, मिशीवाला माणूस रिक्षाच्या टपाला हात लावून उभा राहिला. मला त्यांचा राग येत होता आणि पाठीवर हात ठेवावासाही वाटत होता. मी ठेवला नाही. मग ठेवला.

"त्या जगल्या तर अब्रूचं बघू," मी म्हणाले. "नाहीतर अब्रूला घेऊन काय हार घालायचाय?"

शेवटी आमचं ठरलं. कुणी विचारलं तर 'रिअॅक्शन' आली म्हणायचं. कशाची ते सांगायचं नाही. रिअॅक्शन हा शब्द फार सोयीचा, कशालाही बसतो.

शनिवारी सकाळी आत्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "चहा तोच आहे अजून?" मी तिथंच रडले. हातांच्या पट्ट्या काढलेल्या होत्या, पण मनगटावर खुणा होत्या. त्या खुणांकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या. काही विचारलं नाही. आम्ही काही सांगितलं नाही.

रविवारी डॉक्टर मुजावर स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या.

"तुम्ही मनाच्या डॉक्टर," आत्या म्हणाल्या. "मला वेड लागलं होतं का?"

"नाही. पाय मोडला म्हणून हाडाचे डॉक्टर आले, झोप मोडली म्हणून मी. झोप कधी मोडली, आजी?"

आत्यांनी चादरीची कड सरळ केली. मग म्हणाल्या, "निवृत्त झाले तेव्हा."

"काय झालं तेव्हा?"

"काही नाही झालं. तेच तर. बाराला पोरं सोडायची वेळ. तीस वर्षं बाराला मी दारात उभी राहायची, कोण कुणाच्या हाताला लागलं ते बघायची. निवृत्त झाल्यावरही बारा वाजायचे. रोज वाजायचे. सून मशीनवर, पोरगा कामावर. घर खायला उठायचं. गावातल्या बायकांचं पण काम झालेलं, दुकान बंद, मग कशाला येतील? बाराला जीव नुसता कासावीस व्हायचा." थांबल्या. "औषधानं शांत वाटायचं."

मी पडद्याच्या अलीकडं उभी होते. वीस वर्षं त्या बाईच्या घरात काढली, आणि बाराला मी मशीन चालवत होते. भिंतीपलीकडं.

"ते औषध आता नको," डॉक्टर म्हणाल्या. "झोपेचं बघू, बाराचं पण बघू. दर पंधरा दिवसांनी माझ्याकडं यायचं. नुसतं बोलायला. चालेल?"

"तुम्ही मला एक शब्द अजून म्हणाला नाहीत," आत्या म्हणाल्या. "का?"

"तो तुमचा आहे. मी कशाला म्हणू?"

आत्यांनी तोंड भिंतीकडं केलं. त्या दिवशी त्यांनी जेवण घेतलं नाही.

मंगळवारी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. शुक्रवारी त्यांना वॉकर धरून चार पावलं चालवलं, आणि पाचव्या पावलाला त्या फिजिओवाल्या पोरीला म्हणाल्या, "तू माझ्याशी पोरांसारखं बोलू नकोस, पोरांशी बोलायला मी शिकवते." म्हणजे आत्या परत आल्या. फक्त दुपारी बाराला त्या डोळे मिटून, जबडा आवळून पडायच्या. मी तेवढा वेळ शेजारी बसून काज-बटणं करायची. बोलायचो नाही. तासाभरानं त्या म्हणायच्या, "गेलं." मी विचारायची नाही, काय गेलं.

आणि शनिवारी दुपारी गावाहून जीप आली.

पाच बायका. पुढं कोंडाबाई, आत्यांचा उजवा हात. मतदानाच्या वेळी शेवटच्या तीन म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन केंद्रावर आणणारी हीच. तिचा मालक दोन वर्षांपूर्वी वारला होता. दिनकररावांनी त्यांना दारातच गाठून 'रिअॅक्शन' सांगून ठेवली. कोंडाबाईनं निम्मी ऐकली आणि आत घुसली.

"आगं बया, आडव्या अक्का खरंच आडव्या झाल्या की!"

सगळा वॉर्ड हसला. आत्याही हसल्या. नारळपाणी झालं, गावातल्या सगळ्या बातम्या झाल्या. मग कोंडाबाईनं इकडंतिकडं बघितलं, पिशवीत हात घातला, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आत्यांच्या उशाशी ठेवलं.

"काय गं ते?"

"तुमचं औषध. दवाखान्यात हे असलं देत न्हाईत, म्हायतीय मला. दूधगाडीवाल्याकडनं मागवलं. बिनदिक्कत घ्या, कुणाला सांगायची गरज न्हाई."

दिनकररावांनी झेप घेतल्यासारखा हात पुढं केला. "बरं झालं मावशी, मी ठेवतो. मी ठेवतो ते."

"तुला कसं माहीत, मी हे घेते?" आत्यांनी कोंडाबाईला विचारलं.

"म्हायती नसायला काय? तुमचं बघूनच की मी बी सुरू केलं. मालक गेल्यापासनं डोळ्याला डोळा लागंना. म्हटलं, अक्का घेतात म्हंजे चांगलंच असणार. लई गुण आला बघा. आधी झाकणभर घ्यायची, आता वाटी लागती."

बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. त्यातली एक म्हणाली, "मी बी म्हणत हुते, आणावं."

"एक वाटी?" आत्यांनी विचारलं.

"कधी दोन. कधी..." कोंडाबाई हसली. "सकाळी हात थरथरतात वो जरा. वयच झालं की आता. घोटभर घेतलं की थांबतात."

आत्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी कोंडाबाईचा हात धरून उताणा केला, मग पालथा केला, आणि तसाच धरून ठेवला. कितीतरी वेळ. त्यांची मनगटं झाकलेली नव्हती. पाटोळे सिस्टर शेजारच्या खाटेचं सलाईन बदलत होत्या, त्यांचे हात थांबले. मला कळलं काय होतंय ते. दिनकररावांनाही कळलं.

"आई, त्यांना उशीर होतोय," ते म्हणाले. "जीप थांबलीय."

"मालन, मला उठवून बसव."

मी पाठीमागं दोन उशा लावल्या. आत्यांनी पदर सरळ केला, दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला. सभेत बोलायला उठायच्या आधी घ्यायच्या तसा. त्यांच्या कितीतरी सभा मी पाहिल्यात, पहिल्या रांगेत बसून. त्यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द मला पाठ असायचा. ह्या वेळी मला पुढचा शब्द माहीत नव्हता, आणि त्यांना तो बोलताना बघायला मी जन्मभर थांबले असते.

"कोंडे, आज गावाला जायचं नाही तू."

"आता गं बाई! का?"

"इथं एक डॉक्टरीणबाई आहेत, मुजावर म्हणून. त्यांना हात दाखवायचा. वाटी आपल्या मनानं एकदम सोडायची नाही आणि त्यांना विचारल्याशिवाय घ्यायची पण नाही. मालन तुला घेऊन जाईल."

"मला? मला काय झालंय?"

"मला झालं तेच."

कोंडाबाई पुन्हा हसायला लागली. "अक्का, तुमचा पाय मोडलाय!"

"पाय नंतर मोडला," आत्या म्हणाल्या.

"मंग आधी काय झालंतं?"

"आई..." दिनकरराव म्हणाले.

आत्यांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. अंगणवाडीत मागच्या ओळीतल्या पोरालाही ऐकू जावं असा त्यांचा आवाज होता. तो त्यांनी त्या दिवशी लावला. वॉर्डाच्या पार दारापर्यंत.

"आधी चार वर्षं मी दारू पीत होते, कोंडे. आणि तू ही आणलीस ना टॉवेलात गुंडाळून, ही पण दारूच आहे."